आठ बाय दहात बसायचं कुठे?

नव्या फ्लॅटच्या फर्निचरचं बोलणं सुरू झालं की दोन-तीन बैठकींनंतर थ्रीडी व्ह्यू येतो. डिझायनर लॅपटॉप आपल्याकडे फिरवतो आणि आपलंच स्वयंपाकघर परकं वाटावं इतकं देखणं दिसतं. मधोमध पांढऱ्या क्वार्ट्जचा आयलंड, वर तीन लोंबते दिवे, बाजूला दोन उंच स्टुलं आणि काचेच्या वाडग्यात हिरवी सफरचंदं. (ती कोण खातं, हे मला अजून कळलेलं नाही.) गॅसची नळी दिसत नाही. ओला फडका नाही, कणकेचा डबा नाही, खरकट्याची बादली नाही. फ्रिजचं दार तर कधीच उघडं नसतं. शिवाय एक गंमत डिझायनर सहसा सांगत नाही. संगणकात भिंत लपवता येते. त्यामुळे कॅमेरा चक्क शेजारच्यांच्या बेडरूममध्ये उभा करून तुमच्या स्वयंपाकघराचा फोटो काढता येतो. तेवढ्या लांबून कुठलीही खोली ऐसपैसच दिसणार.

आयलंड करायचा की टेबल ठेवायचं, हा वाद हल्ली पुण्या-मुंबईतल्या पुष्कळ घरांत ऐकू येतो. आयलंड म्हणजे चारही बाजूंनी मोकळा असलेला, खोलीच्या मध्यावर उभा केलेला ओटा. खाली ट्रॉल्या, वर काम करायची जागा, एका बाजूला स्टुलं. मालिकांमध्ये, पाककृतींच्या व्हिडिओंमध्ये, अमेरिकेतल्या भाच्याच्या घरी तो पाहिलेला असतो. आपल्याकडेही असावा असं वाटतं, त्यात गैर काही नाही. अडचण फक्त इंचांची आहे, आणि ती मोजल्याशिवाय समजत नाही.

पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या एका नव्या सोसायटीतलं टू बीएचके घ्या. स्वयंपाकघर आठ बाय दहा. घरात नवरा-बायको, शाळकरी मुलगी आणि सत्तरीपुढच्या सासूबाई. सुनेला आयलंड हवा होता, कारण ऑफिसातून आल्यावर भिंतीकडे तोंड करून दोन तास उभं राहायचा तिला कंटाळा आला होता. नवऱ्यालाही आयलंडच हवा होता, कारण रविवारी मित्र आले की त्यांच्याशी गप्पा मारत तो पास्ता करतो. सासूबाईंचं म्हणणं एवढंच होतं, "अगं, मला भाजी निवडायला कुठेतरी टेकता येईल असं काहीतरी करा म्हणजे झालं." त्यांचं हे वाक्य डिझायनरने वहीत लिहून घेतलं नाही. पुढचा सगळा हिशेब खरं तर तिथूनच सुरू व्हायला हवा होता.

खोलीची रुंदी आठ फूट, म्हणजे ९६ इंच. एका भिंतीला ओटा, तो २४ इंच. उरले ७२. ओटा आणि आयलंड यांच्यामध्ये किती जागा हवी याचे अमेरिकेतल्या किचन-बाथ व्यावसायिकांच्या संघटनेने ठरवलेले आकडे जगभर वापरले जातात: एकच माणूस काम करणार असेल तर ४२ इंच, दोघं असतील तर ४८. आपण ४२ धरू. उरले ३०. आयलंड निदान २४ इंच रुंद हवा, नाहीतर त्यावर परातही नीट बसत नाही. उरले सहा. त्या सहा इंचांतून मांजर जाईल, माणूस नाही. मधली वाट ४२ ऐवजी ३६ केली तरी पलीकडे १२ इंचच राहतात. मग डिझायनर आयलंड भिंतीला टेकवतो. भिंतीला टेकवला की तो आयलंड राहिला नाही, समोरासमोरचा दुसरा ओटा झाला. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटात प्लाय घ्यायला आलेले एक मिस्त्री हसत म्हणाले, "बोलतात सगळे आयलंड, बनवताना दहातले आठ भिंतीलाच चिकटतात."

एका बाजूला ओटा आणि मध्ये खराखुरा आयलंड हवा असेल, तर ओट्याचे २४, वाटेचे ४२, आयलंडचे २४ आणि पलीकडून जायला ३६ मिळून १२६ इंच होतात. म्हणजे साडेदहा फूट, तेही पलीकडच्या भिंतीला काहीही नसताना. तिकडेही ओटा किंवा फ्रिज असेल तर पलीकडची वाटही ४२ धरावी लागते आणि बेरीज तेरा फुटांवर जाते. पुण्या-मुंबईतल्या टू बीएचकेमध्ये तेरा फूट रुंदी हॉललाच मिळाली तर मिळते.

आता तेच गणित टेबलाचं. टेबल ३० इंच रुंद, ४८ लांब, लांब बाजू ओट्यासमोरच्या भिंतीला टेकवलेली. ओट्याचे २४, टेबलाचे ३०, मध्ये ४२ उरले. माणसं टेबलाच्या दोन टोकांना बसवली तर ओट्यापुढची वाट अडतच नाही. समोरच्या बाजूला तिसरी खुर्ची घातली तर बसलेल्याच्या पाठीमागे टेबलाच्या कडेपासून ३२ इंच लागतात. ते आहेत, पण त्या वेळी ओट्याशी कुणी उभं राहू नये. पाहुणे आले की टेबल हातभर पुढे ओढायचं, सहा जण कसेबसे मावतात, जेवणं झाली की परत मागे ढकलायचं. टेबलाचा मोठा गुण हाच, की ते हलतं. आयलंड एकदा बसला की बसला.

गंमत म्हणजे आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेने हा हिशेब आधीच करून ठेवला आहे. जेवायची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर निदान पाच चौरस मीटर हवं आणि रुंदी १.८ मीटर, स्वयंपाकघरातच जेवायचं असेल तर साडेसात चौरस मीटर आणि रुंदी २.१ मीटर, असं ती सांगते. साडेसात चौरस मीटर म्हणजे जवळजवळ ८१ चौरस फूट. आपलं आठ बाय दहा त्यापेक्षा जेमतेम एका चौरस फुटाने कमी. ही संहिता मार्गदर्शक आहे, प्रत्यक्ष नकाशे मंजूर होतात ते त्या त्या शहराच्या नियमावलीनुसार. पण आकडे ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे टेबल होतं, पाट होते, चार माणसं मांडी घालून बसलेली होती. आयलंड नव्हता.

बसण्याचा मुद्दा आला की ओट्याचा इतिहास काढावाच लागतो. आपण ज्याला ओटा म्हणतो, म्हणजे कमरेएवढ्या उंचीचा, कडप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा, तो शहरातल्या घरांत सरसकट झाला तो गॅसच्या मागोमाग. त्याआधी चूल जमिनीवर, शेगडी जमिनीवर, रॉकेलचा स्टोव्हही पुष्कळ घरांत जमिनीवरच. स्वयंपाक बसून व्हायचा. विळी पायाखाली दाबून बसायची, पाटा-वरवंटा, जातं, खलबत्ता, ताक घुसळणं ही सगळी बैठी कामं. गेल्या शतकात, पन्नाशीच्या दशकाच्या मध्याला बर्मा-शेल कंपनीने मुंबईत स्वयंपाकाचा गॅस विकायला सुरुवात केली. सिलिंडर उभाच ठेवायचा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंच जागी हवी, हा सुरक्षेचा नियम त्याच्याबरोबर आला. शेगडी वर गेली, तिच्यामागे पोळपाट वर गेला, विळीची सुरी झाली, साठीच्या दशकात सुमीतसारखे मिक्सर आले आणि वाटणही उभ्याने होऊ लागलं. मोरीची जागा सिंकने घेतली तेव्हा भांडीही उभ्यानेच घासायची ठरली.

यात फायदा झालाच. धूर गेला, वाकणं गेलं, सारखं उठबस करून गुडघे झिजणं कमी झालं. जुन्या स्वयंपाकघराबद्दल मला हळवं व्हायचं नाही. ज्यांनी फुंकणीने चूल पेटवली त्यांना कुणी विचारून पाहावं. पण ओट्याने बाईला उभं केलं ते केलंच, आणि तिला बसायला म्हणून जे काही ठेवायला हवं होतं ते ठेवायचं राहून गेलं. बैठी कामं संपली नव्हती. ती फक्त स्वयंपाकघराबाहेर घालवली गेली. मेथी आजही दिवाणखान्यात टीव्हीसमोर निवडली जाते. लसूण सोलायला बाल्कनी, मटार सोलायला बेडरूममधला पलंग. दिवाळी आली की हॉलमध्ये जुनी चादर आणि त्यावर वर्तमानपत्रं अंथरून करंज्यांचा कारखाना बसतो: एक लाटणार, एक सारण भरणार, एक कातणार, एक तळायला आत-बाहेर करणार. यातल्या तिघींना बसायला जागा लागते आणि ती ओट्यापाशी मिळत नाही.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. घरकामात भाग घेणाऱ्या बायकांचा दिवसातला सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७. या २९९ मिनिटांत झाडलोट, कपडे असं सगळंच येतं. पण स्वयंपाक हा त्यातला मोठा वाटा, आणि शहरी घरांत तो जवळपास सगळा उभ्याने होतो. आयलंड हा शेवटी अजून एक ओटा आहे. आहे त्या उभं राहण्यात तो भर घालतो.

शंभर वर्षांपूर्वी जर्मनीत हाच प्रश्न याहून चिंचोळ्या जागेत सोडवला गेला होता. पहिल्या महायुद्धानंतर फ्रँकफुर्ट शहराने कामगारांसाठी हजारो घरं बांधायला काढली. त्या कामाचे प्रमुख होते अर्न्स्ट माय, आणि स्वयंपाकघर आखायचं काम दिलं मार्गारेटे श्युट्टे-लिहोट्स्की या तरुण वास्तुरचनाकार बाईंना. १९२६ साली त्यांनी जे आखलं ते जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. म्हणजे आपल्या हिशेबात सव्वासहा बाय अकरा. रेल्वेच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर त्यांनी नमुना म्हणून अभ्यासलं होतं. कुठून कुठे किती पावलं पडतात, तांदूळ-पिठाचे कप्पे हाताच्या अंतरावर आहेत का, याचा त्यांनी बारीक विचार केला. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं फ्रँकफुर्टमध्ये बसवली गेली आणि आज ज्याला आपण मॉड्युलर किचन म्हणतो त्याची ही पणजी. जेवायचं टेबल त्यांनी मुद्दाम शेजारच्या खोलीत ठेवलं, मध्ये सरकतं दार. इतक्या काटकसरीच्या आखणीतही एक गोष्ट मात्र सोडली नाही: खिडकीखाली बसून काम करण्याच्या उंचीचा फळा, त्याच्यापुढे फिरतं स्टूल, आणि सालं-देठं ढकलायला फळ्यातच एक खण. बाईंनी पुढे स्वतःच सांगितलं, की तोवर त्यांनी कधी घर चालवलं नव्हतं. तरीही भाजी चिरणारीला बसायला हवं हे त्यांना सुचलं. आपल्या बिल्डरांच्या नकाशात त्या स्टुलाला जागा अजून नाही.

त्या स्वयंपाकघरावर नंतर टीकाही झाली. बाईला एका खोक्यात एकटं कोंडलं, नवरा-मुलं दाराच्या पलीकडे, असा आक्षेप १९७० च्या दशकात स्त्रीवादी अभ्यासकांनी घेतला, आणि तो खरा होता. पश्चिमेत आयलंडचं आकर्षण वाढलं ते याच एकटेपणावरचा उपाय म्हणून: भिंती पाडा, ओटा मध्ये आणा, रांधणाऱ्याचं तोंड माणसांकडे करा. सिंहगड रस्त्यावरच्या सुनेला जे हवं होतं ते नेमकं हेच.

पण तोंड माणसांकडे करायला ओटाच मध्ये आणावा लागतो असं नाही. अमेरिकेत फ्रेंच स्वयंपाक घरोघरी पोचवणाऱ्या ज्युलिया चाइल्ड यांचं मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज इथलं स्वयंपाकघर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जसंच्या तसं मांडून ठेवलं आहे. बाई सहा फुटांहून उंच, म्हणून नवरा पॉल याने ओटे ३८ इंचांचे करून घेतले. खोली चांगली ऐसपैस, आयलंड सहज मावला असता. मध्यावर काय आहे? टेबल. तिथे बसून त्या जेवायच्या, लिहायच्या, पाहुण्यांना बसवायच्या. १९९० च्या दशकात याच खोलीत त्यांच्या टीव्ही मालिकांचं चित्रीकरण झालं, तेव्हा ते टेबल बाहेर काढून मध्ये आयलंड उभा केला गेला. कॅमेऱ्याला आयलंड लागतो, कारण सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला हवी असतात. चित्रीकरण नसेल तेव्हा त्यांना टेबल पुरत होतं.

आपल्या स्वयंपाकघरात तर वर्दळ वेगळीच. पुस्तकी आखणी एका माणसाला धरून होते. इलिनॉय विद्यापीठाने १९४० च्या दशकात मांडलेला प्रसिद्ध त्रिकोण आहे: शेगडी, सिंक आणि फ्रिज या तिघांना जोडणाऱ्या बाजूंची बेरीज साधारण १३ ते २६ फुटांत असावी. आठ बाय दहात ती सहज बसते. पण सकाळी आठ ते दहा या वेळात मराठी मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात पोळ्यांच्या मावशी शेगडीपाशी असतात, भांड्यांच्या ताई सिंकपाशी, डबे भरणारी मधे, आणि पाण्याची बाटली भरायला आलेला मुलगा फ्रिजचं दार उघडं टाकून विचार करत उभा. या त्रिकोणाच्या प्रत्येक कोपऱ्यात एकेक माणूस उभं आहे. मधोमध आयलंड टाकला तर चौघांनी एकमेकांना प्रदक्षिणा घालत काम करायचं. टेबल भिंतीला असेल तर निदान डबे तरी तिकडे भरता येतात.

मावशींचाच विचार करायचा तर उंचीचाही करावा लागेल. भाजी चिरायला ३३-३४ इंचांचा ओटा बऱ्याच बायकांना चालतो. कणीक मळायला आणि पोळी लाटायला तो उंच पडतो, कारण खांद्यातून जोर द्यावा लागतो. जेवणाचं टेबल साधारण ३० इंचांचं असतं. त्यावर उभ्याने पोळी छान लाटता येते, आणि गुडघे दुखत असतील तर उंचशा स्टुलावर बसूनही. आयलंड सहसा ३६ इंचांचा करतात. पाच फूट उंचीच्या बाईने त्यावर पोळी लाटून पाहावी, दुसऱ्या दिवशी मान बोलेल.

आणि ती उंच स्टुलं. ३६ इंचांच्या आयलंडला दोन-सव्वादोन फूट उंचीचं स्टूल लागतं, त्यावर बसलेल्याचे गुडघे जायला वरचा दगड निदान १५ इंच बाहेर काढावा लागतो, म्हणजे २४ इंचांचा आयलंड तिथेच ३९ चा झाला. स्टुलावर चढणं तरुणांना जमतं. सत्तरीपुढच्या माणसाला तिथे चढवून पाय लोंबकळत ठेवून जेवायला सांगणं हे मला असभ्य वाटतं. लहान मूल तिथे एकटं सोडवत नाही. आठ बाय दहाच्या घरातलं सगळ्यात म्हातारं आणि सगळ्यात लहान माणूस ज्या बैठकीवर बसू शकत नाही, त्या बैठकीसाठी घरातल्या सर्वांत महाग चौरस फुटांचा खर्च करायचा का, हे आधी ठरवावं.

मोजमाप जुळलं तरी पुढे बांधकाम असतं. आयलंडमध्ये सिंक घ्यायचं तर त्याचं सांडपाणी फरशीखालून ट्रॅपपर्यंत न्यावं लागतं, त्याला उतार हवा, आणि तेवढी खोली स्लॅबवर सहसा नसते. मग फरशी उचलून एक पायरी करतात, किंवा खालच्यांच्या छतातून पाइप नेण्याची परवानगी मागतात. गळती सुरू झाली की सोसायटीची सभा कशी रंगते हे वेगळं सांगायला नको. शेगडी आयलंडवर न्यायची तर सिलिंडरची रबरी नळी जास्तीत जास्त दीड मीटरची, भिंतीतून किंवा जमिनीखालून न्यायची नाही. पाइप गॅस असेल तर गॅस कंपनीच्या माणसाकडूनच लाइन वाढवून घ्यायची. वर चिमणी छताला टांगायची आणि तिचा डक्ट बाहेरच्या भिंतीपर्यंत खोलीभर न्यायचा. भिंतीच्या चिमणीला मागून भिंतीचा आधार असतो, टांगलेल्या चिमणीखाली वारा चहूबाजूंनी. सुक्या बोंबलाची फोडणी हॉलमधल्या सोफ्यापर्यंत जाते. थोडक्यात, छोट्या घरात आयलंड करायचाच असेल तर त्यात पाणी आणि गॅस दोन्ही घालू नयेत, आणि ते वजा केलं की उरतं ते एक न हलणारं टेबल.

भिंत पाडून जागा करू म्हणणाऱ्यांसाठी एक सूचना. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या बहुतेक इमारतींत खांब-तुळयांचा सांगाडा आणि मध्ये विटांच्या भिंती. अभियंत्याने पाहून होकार दिला आणि सोसायटीने परवानगी दिली तर मधली भिंत निघू शकते. पुष्कळ नव्या उंच इमारतींत मात्र मिवान पद्धतीने, ॲल्युमिनियमच्या साच्यांत, भिंती आणि स्लॅब एकत्रच काँक्रीटचे ओतलेले असतात. तिथली भिंत हीच इमारतीचा आधार असते. तिला हात लावायचा नाही. ड्राय बाल्कनी आत घेऊ असंही पुष्कळ जण म्हणतात. मग वॉशिंग मशीन, भांड्यांचा टब आणि मावशी हे तिघं आत येतात आणि मिळवलेली जागा त्यांनाच जाते.

मधले मार्ग आहेत. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये अर्धी भिंत ठेवून तिच्यावर फळा टाकतात, त्याला आपल्याकडे ब्रेकफास्ट काउंटर म्हणतात. तीन बाजू मोकळ्या, एक बाजू चिकटलेली. आयलंडचं दिसणं आणि टेबलाचं काम यांचा तो बरा तोडगा आहे, फक्त हॉलकडची बाजू ३० इंच उंचीवर घ्यावी म्हणजे साध्या खुर्च्या चालतात. भिंतीला बिजागरीने लावलेलं घडीचं टेबल स्वस्त पडतं. पण मिवानची नसलेल्या नव्या इमारतींत आतल्या भिंती बहुधा सिपोरेक्सच्या हलक्या ठोकळ्यांच्या असतात, त्यात साधा खिळा-स्क्रू काही महिन्यांत सैल होतो. तिथे योग्य अँकर लावून घ्यावा, नाहीतर आमटीच्या पातेल्यासकट टेबल खाली येईल. चाकांची स्टीलची ट्रॉली हा तिसरा प्रकार. चाकांना ब्रेक हवेत.

ज्यांचं घरच वन रूम किचन आहे त्यांना हा सगळा वाद श्रीमंती वाटेल, आणि ते बरोबरच आहे. मुंबईतल्या बीडीडी चाळींच्या खोल्या १६० चौरस फुटांच्या. तिथे स्वयंपाकाची जागा, जेवायची जागा आणि झोपायची जागा ही तीन नावं एकाच फरशीची. अशा घरात पाट मांडणं आणि उचलणं याइतकी हुशार व्यवस्था कुठल्या डिझायनरने काढलेली नाही. त्याच चाळींच्या पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर मिळणार म्हटल्यावर स्वयंपाकघरात पहिली वस्तू कुठली घ्यायची, तर टेबल, हे स्वाभाविक आहे. तीन पिढ्या जमिनीवर बसलेल्या आजींनाही आता जमिनीवरून उठवत नाही.

आयलंड कुणी करावा? ज्यांचं स्वयंपाकघर बारा-तेरा फूट रुंद आहे, जे बंगल्यात किंवा रो-हाउसमध्ये राहतात, ज्यांच्याकडे दोघं-तिघं मिळून रोज रांधतात, त्यांनी खुशाल करावा. न्यू जर्सीतल्या आपल्या नातेवाइकांकडे गणपतीत पन्नास माणसांचं जेवण आयलंडवर मांडलेलं असतं, प्रत्येक जण ताट घेऊन भोवतीने फिरतो. तिथे त्याला तोड नाही. त्या घरांतही आयलंडच्या पलीकडे एक टेबल असतंच, आणि वरणभात त्या टेबलावरच खाल्ला जातो.

सिंहगड रस्त्यावरच्या घरात शेवटी फरशीवर वर्तमानपत्रं चिकटवून आयलंडचा आकार काढला आणि त्यावर रिकामी खोकी रचून ठेवली. ट्रॉल्या उघडल्या, फ्रिज उघडला, मावशी आल्या. चौथ्या दिवशी खोकी मावशींनीच उचलून बाल्कनीत ठेवली. टेबल ठरलं. सुनेची भिंतीकडे तोंड करून उभं राहण्याची तक्रार पूर्ण मिटली नाही. शेगडी भिंतीलाच आहे. पण चिरणं, निवडणं, लाटणं, डबे भरणं टेबलावर आलं, आणि मुलगी समोर बसून गृहपाठ करते. नवऱ्याचा पास्ता अजून ओट्यावरच होतो, मित्र मात्र टेबलाशी बसतात.

आता टेबल घेणाऱ्यांसाठी थोडं. लाकूड सागवान किंवा शिसवी असेल तर उत्तम. मुंबईत ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचर बाजारात चांगली टेबलं मिळतात, उलटं करून सांधे हलवून पाहावेत. प्लायचं करायचं तर स्वयंपाकघरासाठी आयएस ७१० छापाचं, पाण्यात टिकणारं घ्यावं. कडा बंद केल्या आहेत ना हे बघावं, पाणी तिथूनच शिरतं. पाय चारच हवेत, खाली कपाट नको: फरशी पुसता येते आणि झुरळांना आयतं घर मिळत नाही. कोपरे गोल. एखादा खण, पोळपाट-लाटणं जाईल एवढा, पण तो एका टोकाला. मधोमध असला तर मांड्यांना लागतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी तर दुसरा विचारच करू नये. अकरा महिन्यांचा करार संपला की टेबल टेम्पोत चढतं, आयलंड घरमालकाला ठेवून यावा लागतो.

खुर्च्यांवर लोक विचार करत नाहीत, आणि जागा खरी त्याच खातात. चार खुर्च्यांऐवजी भिंतीला न टेकलेल्या लांब कडेला एक बाक करावा, बसायला चौदा इंच पुरतात आणि काम झालं की तो पूर्ण टेबलाखाली जातो. टोकांना दोन खुर्च्या. त्यातली एक हाताची असू द्या, कारण आजी-आजोबा उठताना हातांवर भार देतात. पण हाताची खुर्ची टेबलाखाली सरकत नाही. तिचे हात टेबलाच्या पट्टीला अडतात आणि ती कायम वाटेत उभी राहते. तेव्हा आधी खुर्ची विकत आणावी, तिच्या हातांची उंची मोजावी आणि मग मिस्त्रींना टेबलाचं माप द्यावं.